आणा

सकाळी सहाला मी शिशाच्या भिंतीआड गाय दोहतो.
हसू नका, आमच्यात तिला गायच म्हणतात.
मुंबईहून रात्रीच्या गाडीने जळगावात उतरते, बादलीएवढी,
सोमवारी भरभरून देते, शुक्रवारी आटत आलेली असते.
दूध म्हणजे टेक्निशियम. रंग नाही, वास नाही.
काउंटर तेवढा टकटक बोलतो.

पहिला नंबर कुमुद नेहेते, सावदा.
केळीच्या वजनकाट्यावर बसतात.
छातीची गाठ गेल्या साली काढली, आता पाठ धरते.
सातला सुई टोचली तेव्हा म्हणाल्या, "हे नेमकं काय हो?"

मी पुस्तकातून सुरू केलं: समस्थानिक, केंद्रक...
त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.
मग म्हटलं, एकाच बेण्याची दोन झाडं धरा.
नाव एक, गट नंबर एक.
एकाचा घड बेताचा, ते उभं राहतं.
दुसऱ्याचा पेलवत नाही. टेकू दिला तरी
कधीतरी अंगातलं टाकून हलकं होतं.
कोणतं झाड कधी, कुणालाच सांगता येत नाही,
पण सहा तासांत बागेतली अर्धी, हे नक्की.
उरलेल्यातली अर्धी पुढच्या सहात.

"म्हणजे घट. व्यापारी धरतो तशी."
तशीच. फक्त इथे लबाडी नाही.

मग तीन तास थांबायचं, पाणी पीत राहायचं.
हाड जिथे घाईघाईने नवं रचलं जातंय
तिथे ते जाऊन बसतं.

केळ्यातही असतं थोडं, बोलता बोलता सांगून गेलो.
"आपल्या केळ्यात?"
सगळ्यांच्याच. भरला ट्रक असेल तर यंत्र कुरकुरतं.
"अन् मी सव्वीस वर्षं नुसतं वजनच करत बसली!"

मशीनखाली वीस मिनिटं हलल्या नाहीत.
पडद्यावर बरगड्या आल्या, कणा आला,
कमरेच्या तिसऱ्या मणक्यावर काळं.
मला सांगायची परवानगी नाही. सांगितलं नाही.
काट्यावरचं माणूस ते. माझ्या तोंडाकडे बघून
आकडा वाचला असावा.

"नात आहे घरी. कडेवर घेऊ?"
आज नको.
"उद्या सकाळी किती उरेल?"
बोटं मोजली. रुपयातला एक आणा.
"आणा चालेल," म्हणाल्या, आणि पदर सारखा केला.

संध्याकाळचे सात. बिल्ला काढून ठेवतो, पुन्हा हात धुतो.
तापीपलीकडे ओट्यावर बसल्या असतील, चार आणे घेऊन,
दारातून नात हाका मारत असेल.
इथे शिशाआड
गाय परत भरते आहे.