नऊ वीसची कणकुंबी

खानापुरात शनिवारी संध्याकाळी
पाटलांच्या कौलांच्या गोदामात गाणं असतं.
तिकीट नाही. दाराशी चपलांचा ढीग,
आत थप्प्यांवर बसायचं
आणि उठताना मागे तांबडा शिक्का घेऊन जायचं.
सोमवारी कॉलेजात त्या शिक्क्यावरून कळायचं
कोण आलं होतं, कोणी आईला खोटं सांगितलं होतं.

बस्त्यांव गिटार लावायचा. लावतच राहायचा.
रवळूच्या पेटीच्या भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ,
मंद्र पंचमाला ती खोकायची,
आणि आम्ही सगळे त्या खोकल्यावर दाद द्यायचो.
निंगोजी गॅरेजमधून थेट तबल्यावर,
शाईला ग्रीसचा वास.
शिवलीला हिरेमठ कानडीत सुरू करायची,
अंतऱ्याला मराठीत शिरायची,
दोन्हीतले शब्द विसरली की हसायची, आणि तेही सुरात.

भडंगाचा पुडा या थप्पीवरून त्या थप्पीवर जायचा.
पुडा देताना कुणाचं बोट कुणाला लागलं
याच्या बातम्या लायब्ररीत
पेपराच्या आधी पोचायच्या.

एका वर्षी बाहेर पाट्यांवरून दगड फिरले.
त्या शनिवारीही आम्ही गेलो, चपला आत घेऊन बसलो.
शिवलीलानं नुसता आलाप घेतला, तासभर, एक शब्द नाही.
विचारलं तर म्हणाली,
घसा बसलाय.

आणि मग नऊ दहा.
कुणीतरी हळूच म्हणायचं, ऊठ गे, गाडी जाईल.
आम्ही जांबोटीकडचे, ओलमणीचे, कणकुंबीचे,
अर्धं गोदाम वाकून, खांदे पाडून बाहेर.
गाणाऱ्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही,
त्यांनाही वेळापत्रक पाठ होतं.
तीन वर्षांत एकदाही
मी शेवटचं गाणं शेवटापर्यंत ऐकलं नाही.

आता मी इथल्या सोसायटीत कॅशियर आहे,
मेडिकलच्या वर खोली आहे, खोलीला माझी किल्ली.
परवा पहिल्यांदा बसून राहिले.
नऊ दहा गेले. नऊ वीस गेले.
स्टँडावरून इंजिनाचा आवाज आला
आणि पाय आपोआप हलले, तरी बसले.
शेवट असा आला:
निंगोजीची तिहाई अर्ध्या मात्रेनं चुकली,
रवळूनं भाता बंद करून पट्टा लावला,
म्हणाला, झालं.
बस्त्यांव वायर गुंडाळायला लागला.
आम्ही अकराजण होतो.
टाळ्या वाजवल्या, तर कौलांतून त्याच परत आल्या.

एवढंच होतं होय?

खोलीवर झोप येईना.
आठवत होती ती गाडी,
रामगुरवाडी सोडली की कंडक्टर आतला दिवा घालवायचा,
आणि मागच्या सीटवरची दुर्पता
गाणं जिथं सोडून उठलो होतो तिथून धरायची.
पुढचं कुणालाच माहीत नसायचं.
मग ज्याला जे सुचेल ते.
ओलमणीला तिघं उतरायची, त्यांची ओळ घेऊन,
जांबोटीला मी,
आणि कणकुंबीपर्यंत म्हणे दोघंच उरायचे,
एक शीळ घालणारा, एक झोपलेला.

आज शनिवार.
बस्त्यांव अजून गिटार लावतोय, नऊ दहा झालेत,
माझ्या आधी दोन पोरी उठल्या,
बारावीच्या असतील, एकीच्या हातात चपला.
मी त्यांच्या मागून वाकून बाहेर.

कंडक्टर तोच, केस पिकलेला.
काय गे, खोली सोडलीस काय?
नाही ओ. जांबोटी एक.
त्यानं आधार कार्ड बघितल्यासारखं केलं
आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं.
रामगुरवाडी गेली. दिवा गेला.
मागे एक पोरगी घसा खाकरते आहे.