वर्ग आहे की

मी म्हणाले, वर्ग आहे की मासळीबाजार?
सातवी ब गप्प. पंखा तेवढा करकरत राहिला.
चैताली पावसे उठली:
"बाई, आमच्या बाजारात एका टायमाला एकच बोलतो.
नायतर भाव कळणार कसा?"

मधल्या सुट्टीत विचारलं, हे म्हणणं आलं कुठून?
बिवलकर म्हणाले, वासावरून.
मुकादम सर म्हणाले, छे, गलक्यावरून,
तोही मुंबईच्या कुठल्याशा मंडईतल्या.
दामलेबाईंच्या कोशात अर्थ होता,
पहिल्यांदा कोण म्हणालं ते नव्हतं.
"आता तोंड उघडायचीही चोरी!"
सगळे एकदम. चहा निवला.

चारला हर्णैच्या वाळूत उतरले.
बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात,
सुरमईच्या ढिगाभोवती बायका.
लिलाववाला आकडा म्हणतो,
एक भुवई उडते,
पुन्हा आकडा.
मधे बर्फ फुटलेला ऐकू येतो.
चैतालीच्या आईनं बांगडे मोजले,
वर एक जादा टाकला.
मुलीनं घरी सांगितलं होतं का,
मी विचारलं नाही.

आज सातवी ब पुन्हा उसळली.
डस्टर आपटून म्हणाले, वर्ग आहे की…
पुढचं सापडेना.
तिसऱ्या बाकावरून, हळूच:
"स्टाफरूम, बाई?"