शंभराला बावीस

तांबट आळीत आबा अजून मठारतात.
शुद्ध तांबं मार खातं,
खाता खाता हट्टाला पेटतं,
भट्टीत घातलं की पुन्हा नरम,
जसं काही झालंच नाही.

मी भोसरीला, फाउंड्रीत.
आमच्या घंटेत शंभराला बावीस कथिल.
नखानं ओरखडा उठावा इतकं मऊ,
आणि तेच तांब्याला कडक करतं.
कसं, ते फळ्यावर कळलं होतं.
हाताला अजून नाही.

परवा एक घंटा घरी नेली.
आबांनी टिचकी मारली,
नाद कुंभारवेशीपर्यंत गेला असेल.
संपेस्तोवर बोलले नाहीत.
"भेसळीला गळा असतो म्हणायचा."
मग हातोडीकडे बघत,
"हिनं ठोकली तर?"
"फुटेल."

त्यांनी ती दोन्ही हातांनी खाली ठेवली.