कुसळं

दार उघडलं ते साखळीपुरतं.
चार बोटांच्या फटीतून एक निळा डोळा,
आणि मी नाव सांगताच
तो डोळा जरासा मागे सरकला.
चूक नव्हती त्याची.
गेल्या मंगळवारी तीन तास
ज्याने 'सर, सर' म्हणत लुटलं
त्याचे व्ही आणि डब्ल्यू माझ्यासारखेच होते.

लायब्ररीचं ओळखपत्र मी फटीतून आत दिलं.
बॅरक्लफ आजोबांनी ते उजेडात धरलं,
उलटं करून पाहिलं,
मग साखळी निघाली.

हॅलिफॅक्सच्या या चढावर घरं
एकमेकांचा हात धरून उभी,
सुटला तर दरीत जातील अशी.
खाली गिरणीची चिमणी. धूर नाही.

लॅपटॉप टॉवेलखाली झाकलेला,
रात्री पोपटाचा पिंजरा झाकतात तसा.
"तो आतून बघत असेल ना?"
मी आधी इंटरनेट तोडलं, मग टॉवेल काढला.
लाल पाटी किंचाळत होती:
तुमच्या संगणकात पाच व्हायरस,
बंद करू नका, या नंबरवर फोन करा.
"ही पाटी हाच रोग," मी म्हटलं.
"खरा डॉक्टर दारात येऊन ढोल बडवत नाही."

गिफ्ट कार्डं घेताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं,
कुणासाठी एवढी?
"नातवंडांसाठी म्हणालो," आजोबा म्हणाले.
"मला नातवंडं नाहीत."
नऊशे पौंडांपेक्षा
ते एक खोटं त्यांना जास्त लागलं होतं.

ते मागावर होते, गिरणी बंद पडेपर्यंत.
त्यांची एनिड वरच्या मजल्यावर कापड तपासायची:
गाठ, तुटका धागा, लोकरीतलं कुसळ,
नुसत्या बोटांनी हुडकायची, चिमट्याने उपटायची.
मी म्हटलं, मी इचलकरंजीची,
वडील यंत्रमागावर जॉबर.
मग आम्हाला दुभाषी लागला नाही.

हे बघा, हे पहिलं कुसळ.
लांबून तुमचा माउस हलवायला त्याने ठेवलेलं,
नाव किती सभ्य आहे बघा.
हे ब्राउझरला चिकटलेलं,
म्हणे कूपनं शोधून देतं.
हा अँटिव्हायरस नाहीच, त्याचा मुखवटा आहे.
आणि हे, संगणक सुरू होताच
सगळ्यांच्या आधी उठून बसणारं,
हे मुळासकट काढायला हवं,
नाहीतर उद्या सकाळी पुन्हा हजर.
पासवर्ड बदलू, पण या यंत्रावरून नाही.
बँकेला आत्ता फोन. कार्डामागचा नंबर, दुसरा कुठलाच नाही.

आजोबा माझ्या बोटांकडे बघत होते.
"त्याने मला टॉबीबद्दल विचारलं," मध्येच म्हणाले.
"पडद्यावर त्याचा फोटो आहे ना. किती वर्षांचा होता, कसा गेला."
मग बराच वेळ काहीच नाही.
"महिनाभरात कुणी विचारलं नव्हतं."
हे कुसळ कुठल्या फोल्डरमध्ये शोधायचं,
मला शिकवलेलं नाही.

स्कॅन त्रेचाळीस टक्क्यांवर असताना
फोन वाजला. मीच उचलला.
"हॅलो सर, केव्हिन बोलतोय, टेक्निकल विभाग."
त्याच्या मागे शंभर गळ्यांचा खडखडाट,
आमच्या पेठेतली मागांची शेड जशी, पाळी बदलताना.
केवढं काय काय बोलायचं होतं इंग्रजीत!
तोंडून निघालं मराठीत, आणि एवढंच:
"ठेव."
त्याला कळलं, की नुसता दचकला,
माहीत नाही.
ठेवला मात्र त्याने.

संध्याकाळी चारलाच अंधार पडला.
अकरा निघाली एकूण.
आजोबांनी झाकण मिटलं, त्यावरून तळवा फिरवला,
एकदा उभा, एकदा आडवा,
आणि मान हलवली, एनिडच्या वतीने असावी.

"पुढच्या गुरुवारी येते," मी म्हटलं, "टॉबीचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊ."
पायऱ्या उतरले
तर मागे साखळी लागल्याचा आवाज.
सकाळी हाच आवाज टोचला होता.
आता थांबून ऐकला,
नीट बसली ना.