आधीचं नुकसान

तीन ठिकाणी फोन केले.
पहिल्याने विचारलं, ट्रक दारापर्यंत येतो ना?
त्याला व्हेनिस नकाशावरचंच माहीत होतं.
दुसरा महाग.
तिसरा, आल्विझे, स्वतः आला, टेप घेऊन,
धापा टाकत, पायऱ्या मोजत,
आणि मोजताना मध्येच चुकला
म्हणून पुन्हा खाली गेला.
तेव्हाच ठरवलं, हाच.

त्याने कपाट बघितलं. मग जिना बघितला.
मग माझ्याकडे बघितलं,
जणू मीच ते पोटात घालून वर आणलं होतं.
"खिडकीतून आलं," मी म्हटलं, "सदुसष्ट साली, तळमजल्यावरून.
दोर होता, बेर्तो होता, बेर्तोचे चार भाऊ होते."
"आता विमा आहे," तो म्हणाला.

मग वहीत लिहीत बसला:
तिसरा मजला. खिडकीची चौकट काढणे, परत बसवणे.
धक्क्यापर्यंत चाळीस पावलं. वाटेत पूल पाच.
आणि शेवटी, निराळ्या ओळीवर: पाणी.
पाणी चढलं तर क्रेन पुलाला आदळते,
फार उतरलं तर होडी गाळात बसते.
मधला दीड तास आपला.
"तारीख तुम्ही ठरवा, वेळ चंद्र ठरवेल.
थांबावं लागलं तर त्याचे पैसे वेगळे."
म्हणजे चंद्राची मजुरीही माझ्याच माथी.

"या गल्लीत बिऱ्हाड आत आणायला
शेवटचा कधी आला होतास?"
तो पेन्सिल चावत राहिला.
"आणतो की. पलंग आणतो. पांढरे, सगळे एकाच मापाचे.
गाद्या. कॉफीची यंत्रं."
"आणि माणसं?"
"ती स्वतःची चाकं घेऊन येतात."

गुरुवारी चौघं आले.
वासिले, मोल्दोव्हाचा, मिसरूड नुकतं फुटलेला,
कागद घेऊन एकेका वस्तूपाशी उभा राहायचा.
रकान्याचं नाव: आधीचं नुकसान.
म्हणजे नंतर भांडण नको.
टेबल, एक पाय हलतो. लिही.
आरसा, कोपऱ्यात काळा पडलाय. लिही.
खुर्च्या पाच. सहावी कुठे?
ते नको लिहूस.
कपाटाच्या पायांवर, पहिल्या खणापर्यंत,
पांढुरकी रेघ. त्याने बोट फिरवलं, जिभेला लावलं.
"मीठ?"
"सहासष्टचा पूर. नोव्हेंबर. पीठसुद्धा खारट झालं होतं."
रकान्यात जागा पुरेना.
त्याने बाण काढला, कागद उलटा केला,
आणि पाठीवर बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला,
स्वतःच्या भाषेत.
"भिंतींचं नाही लिहायचं?"
"भिंती आम्ही नेत नाही, सिन्योरा."

मग पाण्याने चाळीस मिनिटं वाट पाहायला लावली.
सगळे जिन्यात बसून माझ्या हातचे शेवटचे बिस्किटं खात होते,
डबा आधीच पॅक झाला होता, म्हणून पातेल्याच्या झाकणातून.

होडीत मला बसू दिलं नाही. पुन्हा विमा.
जिरॅनियमची कुंडी कडेवर घेऊन
मी पुलापुलाने निघाले.
पहिल्यावर हुकले. दुसऱ्यावर नुसता इंजिनाचा आवाज;
बेर्तो असता तर थांबून कान दिला असता,
म्हणाला असता, नॉझल साफ करायला झालाय.
चौथ्यावर गाठलं.
आल्विझे वाकला, वासिले वाकला,
पुलाच्या पोटाला तळहात लावून
दोघांनी होडी इंच इंच पुढे सरकवली,
आणि माझ्या पायाखालून कपाट बाहेर आलं,
तोंडावर निजवलेलं.
इतक्या वर्षांत त्याची पाठ मी पाहिलीच नव्हती.
कच्चं लाकूड, जळमटं,
आणि मधोमध पेन्सिलने सुताराचा हिशोब:
लाकूड, बिजागऱ्या, मजुरी,
खाली रेघ, रेघेखाली आकडा.
शेजारी कुणीतरी फोटो काढत होतं.
कुंडी कठड्यावर ठेवून मी बेरीज करायला घेतली.
हातचा एक धरला,
तेवढ्यात होडी वळली.