मूठमाती

रांबीवर खड्डा खणायला वेळ लागत नाही.
इथली माती मऊ,
फावडं नुसतं टेकवलं की आत जातं.
पण काबुनारेकाका जाताना म्हणाले,
ही माझी नव्हे.
मला बानाबाची मूठभर घाला.
सगळा जन्म इथला टारो खाऊन काढला,
तरी मरताना या जमिनीला
पाहुणीच म्हणाले.

तेरुबेआकाकूनं बिस्किटांचा रिकामा डबा दिला,
झाकणाला दोरी बांधून.
काठोकाठ नको, म्हणाली,
पण ओंजळ तरी भरू दे.

सहा दिवस बोट.
कोप्रा, डिझेल, ओकारी.
बेटाच्या आधी दिसला गंजलेला लोखंडी हात,
जहाजांच्या पोटात बेट ओतणारा,
अजून समुद्रावर तसाच लांबवलेला,
जणू द्यायचं काही राहून गेलंय.

सुरुवात म्हणे एका दगडानं झाली.
सिडनीतल्या कचेरीत
दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून ठेवलेला दगड.
एका साहेबानं तो सहज तपासून पाहिला
आणि दार उघडं राहिलं ते राहिलंच.
करार नऊशे नव्व्याण्णव वर्षांचा,
वर्षाला पन्नास पौंड.
हजाराला एक कमी.
काका म्हणायचे,
ते एक वर्ष आपल्यासाठी राखून ठेवलंय,
तेव्हा घरी जाऊ.

बेटावर उरलेल्यांपैकी ताबेरा माझ्याबरोबर आला.
चालता चालता थांबला,
बोट वर करून म्हणाला,
हे तुझ्या काकाचं घर.
मी वर पाहिलं.
नुसतं आभाळ, एक समुद्रपक्षी.
अंगण होतं ती जमीन
आमच्या डोक्यावर तीन पुरुष उंचीला होती.
म्हणजे नव्हती.
आम्ही उभे होतो ते तिच्या तळाशी,
चुनखडीच्या सुळक्यांमध्ये,
हिरड्या खरवडून नेल्यावर
दात उरावेत तशा.

ती गुहाही दाखवली,
जिथे फक्त बायका उतरायच्या,
अंधारात पोटावर सरपटत,
करवंटीनं पाणी भरायला.
आम्ही तोंडाशीच थांबलो.
आतून तेलाचा वास येत होता.

सुळक्यांच्या फटीफटीत बोटं घातली मी.
धूळ. खेकड्याचं कवच.
एक बोल्ट.
ताबेरा माझी नखं पाहत होता.
म्हणाला, थडगीसुद्धा गेली रे.
कुणाचं हाड कुठल्या जहाजात,
ते कुणी लिहून ठेवलं नाही.
टन लिहिले.
मग बराच वेळ गप्प राहून,
माती हवी तर दक्षिणेला जा.
तिकडे तिचं गवत झालंय,
गवताची गाय,
गाईचं लोणी.

परतताना सुवाच्या दुकानात
लोण्याच्या डब्यांची उतरंड.
डब्यावर हिरवी टेकडी,
कुठेही न खरचटलेली.
भाव विचारला.
माझी दोन दिवसांची मजुरी.
मातीमोल कशाला म्हणायचं
ते मला त्या गल्ल्यापाशी कळलं.

बिस्किटांचा डबा काकूनं हलवून पाहिला.
आत बोल्ट वाजला.
तिनं काही विचारलं नाही.
दुसरा डबा मात्र मीच उघडला आणि सांगितलं,
जेवढं सांगता आलं तेवढं.
तिनं वास घेतला, एक बोट बुडवलं
आणि काकांच्या दगडाला लावलं,
कपाळ असतं त्या उंचीवर.
मग पोरांना पाव आणायला धाडलं.

उरलेलं आम्ही खाल्लं.
चांगलं होतं. मीठ जरा जास्त.

संध्याकाळी मुंग्या आल्या.
दगडावरून खाली रांग,
एकेक कण तोंडात धरून
जमिनीत नेत होत्या.
काकू काठी घेऊन बसून राहिली,
कोंबड्या हाकलत,
अगदी दिसेनासं होईपर्यंत.