जिंतूर-तीन

नागपूरच्या एका थंडगार खोलीत एक यंत्र आहे,
त्यात माझं नाव जिंतूर-तीन.
मी बसते इथं, येलदरी रोडला,
खाजाभाईच्या फ्लेक्सच्या दुकानावर,
पत्र्याखाली, कानाशी टेबलफॅन.
माझ्या लॅपटॉपला नकाशा झेपत नाही,
उघडायला गेलं की धापा टाकतो.
म्हणून तो नुसती खिडकी. नकाशा तिकडं,
इकडं त्याचं उशिरानं पोचणारं चित्र.

भैसारे फोनवर म्हणाले होते पहिल्याच दिवशी:
मॅडम, वॉलपेपर काढून टाका.
अक्षरांच्या गुळगुळीत कडा काढा. सावल्या काढा.
रंग बत्तीसवरून सोळावर आणा, मग पळेल.
काढल्या सावल्या.
एप्रिलात दुपारी बाराला बाहेर तरी कुठं होत्या.
रंग उतरवले तर
खरिपातल्या चित्रातली तूर
आणि कडेची वेडी बाभळ
एकाच हिरव्यात गेली.
आता आठवणीनं ओळखते.

माऊसचं चाक फिरवलं. काही नाही.
अजून फिरवलं. काही नाही.
वैतागून तिसऱ्यांदा,
आणि तिन्ही एकदम पोचले:
गावठाण, तालुका, जिल्हा मागं टाकून
मी अरबी समुद्रात.
निळं, निळं, नुसतं निळं,
चौकोना-चौकोनानं भरत येणारं.
परत यायला सव्वा मिनिट लागलं.
तक्रार नाही. एसटीनं दीड दिवस लागतो.

गट नंबर एकशे बारा.
बांधावर टिंब द्यायचं होतं, लिंबाच्या बुडाशी.
नकाशा सरकून गेला होता,
मला दिसत होता तो मघाचा.
मघाच्या लिंबावर टिंब ठेवलं,
ते पडलं आत्ताच्या वावरात,
दुसऱ्याच्या.
बांध चाळीस मीटर सरकला.
लोक नांगराचं एकेक तास चोरून
पिढीभर बांध कोरतात,
तारखा लागतात, बोलणं तुटतं,
एकमेकांच्या मयतीला लांब उभं राहतात.
मी अर्ध्या सेकंदात. चहा पीत.

मागे घ्या दाबलं. हललं नाही.
परत दाबलं. परत.
मग तिन्ही ओळीनं आले:
बांध गेला जागेवर,
त्याच्या मागोमाग सकाळपासून काढलेली पाणंद,
आणि एक विहीर.
विहीर लगेच खोदली. पाणंद उद्या.

खाली खाजाभाई फाईल चढवायलेत,
कुण्या दादाच्या वाढदिवसाचं वीस बाय तीस.
नेट दोघांत एक.
दादा चढतो तसतशा माझ्या टेकड्या उतरतात,
आधी धूसर, मग ठोकळे, मग राखाडी काहीतरी.
जिन्यातून ओरडते: खाजाभाई, किती राहिलंय?
“मिशीपर्यंत गेलंय, ताई. दम धरा.”

दम धरून, चारच्या सुमारास,
सगळ्यात जड काम लावलं:
तालुक्याच्या दर ठिपक्यावर एक थेंब टाकायचा
आणि कोणता थेंब कुठून कुठं उतरतो ते मोजायचं.
शून्य टक्के. शून्य टक्के. एक.

साडेचारला लाईट गेली.
बॅटरी दिवाळीपासून मेलेली.
काळ्या काचेत माझं तोंड, घामेजलेलं, कपाळावर टिकली सरकलेली.
नागपूरला यातलं काहीच कळलं नाही.
तिथं जिंतूर-तीन बसलेली होती,
न जेवता, न उठता,
थेंबामागं थेंब सोडत रात्रभर.
मी घरी ज्वारी निवडली, पोराचा पाढा घेतला,
मधेच वाटलं, ती आत्ता कुठल्या शिवारात असेल.

सकाळी जोडलं.
तुमचं सत्र चालू आहे, असं म्हणालं,
आणि वरून खाली, पट्टी-पट्टीनं,
ओढे येत गेले,
केसाएवढे, मग दोऱ्याएवढे.
एक येलदरी रोडला लागला,
डांबराला न विचारता वळला,
आणि नेमका आमच्या शटरमधून गेला.

दोनदा तपासलं. जवळ गेले, थांबले,
चित्र पोचेस्तोवर हात माऊसवरून काढून ठेवला.
तोच. शटरमधूनच.

खाली जाऊन सांगितलं.
खाजाभाईनं कात्री बाजूला ठेवली,
फरशीकडं बघितलं, मग माझ्याकडं:
“किती बाय किती?”